घरगुती ब्रेथ अ‍ॅनालायझर: साडेआठ हजारांत काय मिळतं, आणि तो आधी कोणाच्या गाडीत हवा

श्वासातून दारू मोजणारं, मुठीत मावेल एवढं यंत्र, वर छोटा पडदा, बाजूला माउथपीस बसवायची खाच, दोन पेन्सिल सेलवर चालणारं. साडेआठ हजारांना ऑनलाइन मागवलं. सोबत पाच माउथपीस, एक कापडी पाकीट आणि मुंगीच्या पावलांएवढ्या इंग्रजी अक्षरांतलं माहितीपत्रक आलं. कंपनीचं नाव देत नाही, कारण हेच यंत्र बाहेरचं प्लास्टिक बदलून तीन-चार नावांनी विकलं जातं. आतला सेन्सर कोणता हे बघून घ्यायचं, डब्यावरच्या नावाला अर्थ नाही.

या यंत्राबद्दल मी अधिकाराने लिहू शकतो, कारण माझी नोकरी रेल्वेत गेली. भुसावळ लॉबीचा, म्हणजे गाडीवरची माणसं ड्युटीची हजेरी लावतात त्या कार्यालयाचा, लोको पायलट (इंजिन ड्रायव्हर) होतो, मालगाडीवरून मेल-एक्स्प्रेसवर गेलो आणि तिथूनच निवृत्त झालो. आमच्याकडे साइन ऑनला, म्हणजे ड्युटीवर हजर होताना, फुंकल्याशिवाय इंजिन हातात मिळत नाही आणि गाडी पोचवून साइन ऑफ करतानाही पुन्हा फुंकावं लागतं. लॉबीतलं यंत्र संगणकाला जोडलेलं असतं, फुंकणाऱ्याचा फोटो निघतो, आकडा वेळेसकट नोंदला जातो. पडद्यावर शून्य नसेल तर त्या दिवशी गाडी नाही. तिथे मेलचा सीनियर ड्रायव्हर असो की काल भरती झालेला असिस्टंट, नळी एकच आणि आकडाही एकच. त्यात कुणाला अपमान वाटत नव्हता. हजार-बाराशे माणसं मागे झोपलेली असताना पुढे बसणाऱ्याने फुंकून दाखवावं, हे आम्हाला सिग्नल बघण्याइतकंच साधं वाटायचं.

आता यंत्राकडे येतो.

बाजारात दोन प्रकार मिळतात. हजार-दीड हजारांत येणारा सेमीकंडक्टरवाला आणि पाच हजारांच्या पुढे सुरू होणारा फ्युएल सेलवाला. स्वस्त यंत्र दारूखेरीज इतर वाफांनाही दाद देतं. आफ्टरशेव्ह, रंगाचा वास, मधुमेही माणसाच्या श्वासातलं अ‍ॅसिटोन, कशानेही त्याचा आकडा हलू शकतो. फ्युएल सेलमध्ये प्लॅटिनमच्या पत्र्यावर अल्कोहोलचं ऑक्सिडेशन होतं, त्यातून वीज निर्माण होते आणि ती वीज मोजून आकडा काढला जातो. पोलिसांकडची यंत्रंही साधारण याच तत्त्वावर चालतात. पैसे वाचवायचे असतील तर घेऊच नका, पण घेणार असाल तर फ्युएल सेलच घ्या.

दुसरी गोष्ट एककाची. माझं यंत्र कारखान्यातून 'मिलिग्रॅम प्रति लिटर श्वास' यावर लावून आलं होतं. आपला कायदा रक्तात मोजतो: 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर गेलात की मोटार वाहन कायद्याचं कलम 185 लागू. श्वासाच्या एककात ही मर्यादा 0.14 च्या आसपास येते. पडद्यावर 0.20 दिसलं आणि 'शून्य पूर्णांक काहीतरी आहे, चालतंय' म्हणून कुणी किल्ली फिरवली, तर तो मर्यादेच्या बराच वर असतो. मागच्या बटणाने एकक बदलता येतं. पहिल्याच दिवशी बदलून ठेवा, घरात कुणीही वाचलं तरी 30 हा आकडा डोळ्यासमोर राहील.

तिसरी गोष्ट धीराची. शेवटचा घोट घेतल्यावर किंवा माउथवॉशने चूळ भरल्यावर किमान 15 ते 20 मिनिटं थांबायचं. तोंडातच रेंगाळलेलं अल्कोहोल यंत्राला फसवतं. रेल्वेत यावरून बरीच चर्चा झालेली आहे. 2025 च्या फेब्रुवारीत तिरुवनंतपुरम विभागात लोको पायलटांनी ड्युटीआधी शहाळ्याचं पाणी, काही जातींची केळी, खोकल्याचं औषध, माउथवॉश असलं काही घेऊ नये असा आदेश निघाला होता. टीका झाल्यावर तो मागे घेतला. यंत्र सदोष असेल तर ते सुधारावं, माणसाचं केळं काढून घेऊ नये, हे माझंही मत. पण मुद्दा लक्षात घ्या: केळ्यावरून नोकरी धोक्यात येईल इतकी कडक तपासणी इंजिनवरच्या माणसाच्या वाट्याला येते.

अचूकता कशी? मी स्वतः घेत नाही, त्यामुळे पाहुण्यांवर भिस्त. जावई जळगावहून आले तेव्हा त्यांनी हौसेने फुंकून दाखवलं. आपल्याकडची व्हिस्की साधारण 42.8 टक्क्यांची. 60 मिलिचा एक लार्ज पेग म्हणजे 20 ग्रॅमच्या आसपास शुद्ध अल्कोहोल. सत्तर किलोच्या माणसाने उपाशीपोटी तेवढा एकच घेतला तरी हिशेबाने तो 30 च्या वर जाऊ शकतो. जावयांचा आकडा एका पेगनंतर अर्ध्या-पाऊण तासाने 34 आला. पोटात भरीत-भाकरी होती तरीही. त्यांचं म्हणणं, 'बाबा, मला तर काहीच वाटत नाहीये.' वाटण्याचा आणि आकड्याचा संबंध तुटतो, तो नेमका इथेच. पाठोपाठ दोनदा फुंकलं तर आकड्यात दोन-तीनचा फरक पडतो, तो मला चालण्यासारखा वाटला.

यंत्राचा खरा उपयोग मात्र रात्री होत नाही, सकाळी होतो. शरीर 100 मिलिलिटर रक्तामागे तासाला साधारण 15 मिलिग्रॅम या चालीने अल्कोहोल बाहेर काढतं. लिंबूपाणी, गार पाण्याची अंघोळ, कडक चहा यांनी ती चाल वाढत नाही. पुतण्याच्या हळदीच्या रात्री मंडपामागे बैठक जमली, मध्यरात्र उलटून गेली तरी उठली नाही. सकाळी सात वाजता माझ्या मुलाचा एक मित्र अंघोळ करून, भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून निघाला. एका खात्यात वर्ग एकचा अधिकारी, गाडीवर 'महाराष्ट्र शासन' लिहिलेलं, ड्रायव्हरला आदल्या संध्याकाळीच सुटी देऊन टाकलेली. मी त्याला फुंकायला लावलं. 58 आला. मी म्हटलं, बाळ, चार तास झोप, मग जा. तो हसून म्हणाला, 'काका, मला कोण अडवतंय?'

त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता, म्हणूनच ते मला जास्त लागलं. वाटेत नाकाबंदी असली तरी हवालदार गाडीवरची पाटी बघून सलाम करील आणि हात खाली घेईल, हे त्याला पावसाळ्यात पाऊस पडतो तितकं स्वाभाविक वाटत होतं. मी किल्ली काढून घेतली. मुलाने त्याला दुसऱ्या गाडीने सोडलं. आमच्यातला वाद त्या दिवसापासून सुरू झाला आणि तो या यंत्राभोवतीच फिरतो, म्हणून इथे लिहितो.

माझा मुलगाही सरकारी अधिकारी आहे. माझं म्हणणं त्याला लागू होतं हे जाणूनच मी बोलतो. मी म्हणतो, सत्तेच्या खुर्चीवरचा माणूस पिऊन गाडी चालवताना सापडला तर त्याला इतरांपेक्षा जास्त शिक्षा हवी. तो म्हणतो, 'बाबा, घटनेचं 14 वं कलम आहे. कायद्यापुढे सगळे सारखे. ड्युटी संपल्यावर मी तुमच्या शेजाऱ्यासारखाच एक नागरिक आहे. शिवाय आमच्यावर खात्याची चौकशी बसते, निलंबन होतं, म्हणजे आम्हाला आधीच दुहेरी मार आहे.'

मुद्दा बिनतोड वाटतो. पण खोलात गेलं की तो टिकत नाही.

आधी निलंबनाचं बघू. अटकेत 48 तासांहून जास्त राहिलेला सरकारी नोकर आपोआप निलंबित मानला जातो, हे खरं. पण कलम 185 चा गुन्हा जामीनपात्र आहे. कोणता अधिकारी त्यासाठी 48 तास कोठडीत राहतो? तो दुपारपर्यंत घरी असतो. वर्तणूक नियमांमध्ये नशेबद्दलची तरतूद आहे, पण ती चालवायची त्याच्याच वरिष्ठांनी, आणि वरिष्ठांपर्यंत कागद पोचला तर. आमदार-खासदारांचं तर याहून सोपं. लोकप्रतिनिधित्व कायद्याने अपात्र ठरायला साधारणपणे किमान दोन वर्षांची शिक्षा व्हावी लागते. पिऊन गाडी चालवण्याच्या पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त सहा महिने कैद किंवा 10,000 रुपये दंड, नाहीतर दोन्ही. म्हणजे पहिल्यांदा सापडलेल्याच्या खुर्चीला धक्काही लागत नाही. ज्याला मुलगा दुहेरी मार म्हणतो तो कागदावर दुहेरी आहे, रस्त्यावर एकेरीही नाही.

आणि समानतेचं म्हणाल तर कायद्याने स्वतःच हा प्रश्न सोडवून ठेवला आहे, फक्त अर्ध्यावर थांबला आहे. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 210 ब आलं. हा कायदा राबवण्याचे अधिकार ज्यांना आहेत त्यांनीच त्यातला गुन्हा केला तर त्यांना दुप्पट शिक्षा. म्हणजे वाहतूक पोलीस, आरटीओचे अधिकारी. संसदेनेच मान्य केलं की ज्याच्या हातात शिट्टी आहे त्याने नियम मोडला तर तो सामान्याच्या नियम मोडण्यासारखा नसतो. मग ज्याच्या एका फोनवर ती शिट्टी बंद पडते, तो दुप्पटीच्या बाहेर कसा? नाकाबंदीवरच्या हवालदाराने प्यायल्यावर दुप्पट, आणि त्या हवालदाराची बदली करू शकणाऱ्याने प्यायल्यावर एकपट, याला समानता म्हणायचं का?

रेल्वेच्या कायद्यातही हा फरक जुनाच आहे. 1989 च्या रेल्वे अधिनियमात दारू पिऊन गोंधळ घालणाऱ्या प्रवाशाला कलम 145 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ड्युटीवर नशेत असलेल्या, आणि त्यामुळे प्रवाशांच्या जिवाला धोका होईल अशा रेल्वे कर्मचाऱ्याला कलम 172 खाली वर्षापर्यंत. गाडी एकच, बाटलीही एकच असेल, पण एकाकडे तिकीट आहे आणि दुसऱ्याकडे ब्रेकचा दांडा. त्यावर आमच्या युनियननेही कधी 14 वं कलम पुढे केलं नाही. विमानाच्या पायलटांना तर याहून कडक: पहिल्यांदा सापडला तर तीन महिने लायसन्स निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा लायसन्स रद्द.

मुलगा म्हणाला, 'पण इंजिन चालवणं हे तुमचं कामच होतं. माझं काम गाडी चालवणं नाही.' हा त्याचा सगळ्यात चांगला मुद्दा, आणि त्याने मला विचार करायला लावलं. म्हणून मी सरसकट सगळे सरकारी नोकर म्हणत नाही. शाळेतला शिपाई, पंचायत समितीतला कारकून, ग्रामसेवक आपल्या मोटारसायकलवर सापडले तर त्यांना तुमच्या-माझ्याइतकीच शिक्षा असावी. त्यांना हवालदार सोडत नाही, उलट जास्तच दमात घेतो. जास्त शिक्षा हवी ती अशाला, ज्याला थांबवताना हवालदाराचा हात कचरतो. पद, पाटी, ओळख यांमुळे ज्याची पकडलं जाण्याची भीतीच कमी झाली आहे, त्याच्या बाबतीत शिक्षेचं वजन वाढवूनच ती भीती जागेवर आणता येईल. मंत्री, आमदार, खासदार, न्यायाधीश, राजपत्रित अधिकारी, महापालिकेतले पदाधिकारी. त्यांना 210 ब लावा. आणि जागेवर पद सांगून तपासणी टाळायचा प्रयत्न केला असेल तर तो वेगळा, अधिक गंभीर गुन्हा धरा. आज फुंकायला नकार दिला तर कलम 205 खाली तो नकार फिर्यादीच्या बाजूचा पुरावा म्हणून धरता येतो.

पण शिक्षा कितीही वाढवली तरी आकडा वेळेवर घेतला गेला नाही तर सगळं व्यर्थ आहे, आणि इथे पुन्हा यंत्राचा विषय येतो. तासाला 15 च्या चालीने पुरावा स्वतःच विरघळत असतो. म्हणूनच कायद्यात अटकेपासून दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणीची अट आहे. 3 ऑगस्ट 2019 च्या मध्यरात्रीनंतर तिरुवनंतपुरममध्ये एक आयएएस अधिकारी चालवत असल्याचा आरोप असलेल्या गाडीच्या धडकेत पत्रकार के. एम. बशीर गेले. अधिकारी नशेत होता असा आरोप झाला, तो त्याने नाकारला. त्याच्या रक्ताचा नमुना घेतला गेला तो कित्येक तास उलटल्यावर, आणि त्यात अल्कोहोल सापडलं नाही. दोष कोणाचा हे न्यायालयाने ठरवायचं. पण तो नमुना पहिल्या तासात घेतला असता तर अधिकारी निर्दोष असल्यास त्याचंही नाव त्याच रात्री स्वच्छ झालं असतं. बशीर यांच्या घरच्यांना आणि त्या अधिकाऱ्यालाही वर्षानुवर्षं जे झेलावं लागलं, ते एका फुंकेत मिटलं असतं.

पुण्यात 19 मे 2024 ला कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. तिथे गाडी चालवणारा सरकारी माणूस नव्हता, पण रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली आणि येरवड्याचे दोन पोलीस अधिकारी वेळेत वरिष्ठांना न कळवल्याबद्दल निलंबित झाले. पगार सरकारी असेल तर स्टिअरिंगला हात न लावताही माणूस या गुन्ह्याचा भागीदार होऊ शकतो. तोही कडक शिक्षेच्या यादीत हवा, आणि पहिल्या नंबरात हवा.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती साडेआठ हजारांत बसते. शासनाच्या प्रत्येक गाडीत असं एक यंत्र असावं. रात्री आठनंतर आणि सकाळी नऊच्या आधी, ड्रायव्हरने असो की साहेबांनी, जो चाक धरील त्याने फुंकून लॉगबुकात आकडा लिहावा. लॉगबुकात किलोमीटर लिहितात, डिझेल लिहितात, त्यातच एक रकाना वाढेल. आमच्या लॉबीत हे रोज, चोवीस तास चालतं आणि गाड्या त्यामुळे लेट होत नाहीत.

आता या मॉडेलच्या उणिवा, कारण घेणाऱ्याला त्या कळल्या पाहिजेत. याला प्रिंट निघत नाही आणि वेळेची नोंद राहत नाही. शेवटचे दहा आकडे आत साठतात, पण कोणाचे ते समजत नाही. घरासाठी ठीक, कार्यालयासाठी अपुरं. तिथे प्रिंटर आणि कॅमेरा असलेलं मोठं यंत्रच घ्यायला हवं, ते बरंच महाग पडतं. कॅलिब्रेशन सहा महिने ते वर्षभरात करावं लागतं आणि त्यासाठी मला यंत्र कुरिअरने मुंबईला पाठवावं लागलं. तीन आठवडे गेले, वर बाराशे रुपये लागले. विकताना हा खर्च कुणी सांगत नाही, तुम्ही आधी विचारून घ्या. पाच माउथपीस एका लग्नात संपतात, त्यामुळे पन्नासचं पाकीट सोबतच मागवा, ते वेगळं घेतलं तर महाग पडतं. भुसावळच्या मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर यंत्र ठेवू नका. उन्हात तापलं की ते सुरूच होत नाही, थंड होईपर्यंत पडद्यावर नुसती रेघ दिसते.

आणि हे यंत्र तुम्हाला 'आता चालवा' अशी परवानगी देत नाही हेही समजून घ्या. 28 आला म्हणून निघालात आणि पेग नुकताच पोटात गेला असेल तर पंधरा मिनिटांत आकडा 40 होऊ शकतो, कारण रक्तात चढायला वेळ लागतो. माझ्या घरात नियम एकच आहे, लॉबीचाच: शून्य आलं तर किल्ली, नाहीतर गादी टाकून देतो.

पाचपैकी चार तारे. एक तारा वेळेची नोंद नसल्याबद्दल कापला.

मुलाने वाद अजून सोडलेला नाही. 210 ब सगळ्या अधिकाऱ्यांना लावणं त्याला पटत नाही, रात्री फोनवर नवनवीन मुद्दे काढतो आणि मी उत्तरं देतो. पण गेल्या महिन्यात त्याने हेच यंत्र स्वतःच्या पैशाने घेऊन खात्याच्या गाडीत ठेवलं आणि लॉगबुकात हाताने रकाना आखला. ड्रायव्हरचा आकडा ड्रायव्हर लिहितो, याचा हा. हे कळल्यावर त्याच्या कार्यालयातल्या आणखी दोघांनी माझ्याकडे चौकशी केली. त्यांना मी जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो: फ्युएल सेल बघून घ्या, एकक आधी बदला, आणि बिल जपून ठेवा, वॉरंटी एकाच वर्षाची आहे.